सर्व्हर जातो, जबाबदारी राहते

लहान व्यवसायाचा सर्व्हर हे टेबलावरच्या नेहमीच्या संगणकाहून फार वेगळे यंत्र नसते. त्याचे वेगळेपण त्याच्यावर सोपवलेल्या कामात असते. कार्यालयातील इतर संगणक लॅनने, म्हणजे एका छताखालची यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याने, त्याला जोडलेले असतात आणि हिशेबाच्या वह्या, मालाचा साठा, पगारपत्रके, ग्राहकांशी झालेला पत्रव्यवहार, सुट्या भागांची रेखाचित्रे असे जे जे सर्वांना सामाईक लागते ते त्या एका यंत्राच्या हार्ड डिस्कवर साठवलेले असते. भोसरीतील सुटे भाग बनवणारा कारखाना असो, इचलकरंजीतील सुताचा व्यापारी असो किंवा सांगलीतील औषधांचा घाऊक विक्रेता असो, केबिनच्या कोपऱ्यात किंवा पोटमाळ्यावर ठेवलेला सर्व्हर, त्याच्या शेजारी यूपीएस, त्यावर टॅली किंवा तशीच एखादी हिशेबाची प्रणाली आणि संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी अकाउंटंटने पेन ड्राइव्हवर घेतलेला बॅकअप, म्हणजे नोंदींची जादा प्रत, हे चित्र थोड्याफार फरकाने सगळीकडे आढळते. अनेक वर्षे ही व्यवस्था पुरेशी ठरली, कारण सर्व्हर एक दिवस बंद पडला तरी बिलबुकावर हाताने बिल लिहून माल पाठवता येत असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, पुढे वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर असलेल्या व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून क्रमांक मिळवलेले बिल, सक्तीचे झाले, आणि त्यानंतर संगणक बंद पडणे याचा अर्थ भरलेला टेम्पो फाटकातच उभा राहणे असा झाला.

पोटमाळ्यावरच्या त्या यंत्राला असलेले धोके व्यावसायिकांना ठाऊक नसतात असे नाही. ते रोजच्या धावपळीत मागे पडतात, एवढेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा आणि पंचगंगेचे पाणी सांगली-कोल्हापूरच्या बाजारपेठांत शिरले आणि जुलै २०२१मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा प्रसंगी तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच टेबलाच्या खणात ठेवलेला बॅकअपचा पेन ड्राइव्ह एकाच वेळी बुडतात, म्हणजे कागदावर दोन असलेल्या प्रती प्रत्यक्षात एकच असतात. पुराइतकाच गंभीर, पण डोळ्यांना न दिसणारा धोका रॅन्समवेअरचा आहे. हा आज्ञासंच संगणकात शिरून सर्व फाइल्स गुप्त लिपीत बदलून टाकतो आणि त्या पूर्ववत करून देण्यासाठी खंडणी मागतो. मे २०१७मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्रायने विंडोजमधील ज्या दोषाचा फायदा घेतला, त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच, उपलब्ध करून दिलेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांचे संगणक त्याच्या तावडीत सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या दुसऱ्या हल्ल्यात न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. लहान कार्यालयात अशा दुरुस्त्या बसवण्याचे काम नेमके कोणाचे, हे बहुधा ठरलेलेच नसते. विंडोज सर्व्हर २०१२ या प्रणालीसाठी सर्वसामान्य ग्राहकांना मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणे मायक्रोसॉफ्टने १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबवले. तरीही ‘चालतेय ना’ या एका निकषावर असे सर्व्हर वापरात राहतात, आणि हा निकष प्रत्येक दिवसागणिक अधिक धोक्याचा होत जातो.

क्लाउड या शब्दामुळे माहिती आकाशात कोठे तरी तरंगत असल्याचा भास होतो, म्हणून त्याचा अर्थ आधी स्पष्ट केला पाहिजे. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कोणाच्या मालकीची, मोठ्या इमारतींत ठेवलेली संगणकयंत्रे इंटरनेटद्वारे भाड्याने वापरणे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने सप्टेंबर २०११मध्ये प्रसिद्ध केलेली व्याख्या आजही आधारभूत मानली जाते. त्या व्याख्येनुसार ग्राहकाला हवे तेव्हा, कोणाला न विचारता साधन घेता आले पाहिजे, ते जाळ्यावरून कोठूनही वापरता आले पाहिजे, एकाच यंत्रसाठ्यातून अनेक ग्राहकांची गरज भागवली गेली पाहिजे, गरजेनुसार क्षमता चटकन वाढवता किंवा कमी करता आली पाहिजे आणि वापराचे मोजमाप झाले पाहिजे. विजेच्या मीटरशी ओळख असलेल्या व्यावसायिकाला यातली शेवटची अट सर्वांत आधी समजते, आणि पुढे बिलाच्या वेळी तीच सर्वांत महत्त्वाची ठरते.

या इमारती कोठे आहेत, यालाही महत्त्व आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथून, ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने जून २०१६मध्ये मुंबईतून आणि गूगलने २०१७मध्ये मुंबईतूनच क्लाउड सेवा देण्यास सुरुवात केली. म्हणजे महाराष्ट्रातील व्यावसायिकाला आपल्या नोंदी आपल्याच राज्यातील यंत्रांवर ठेवण्याची सोय २०१५पासून झाली आहे. खाते उघडताना विभाग निवडावा लागतो, तेथे नकळत परदेशातील विभाग राहून गेला तर दुहेरी तोटा होतो. एक तोटा कायद्याच्या अंगाने होतो, त्याचा विचार पुढे येईलच. दुसरा वेगाचा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जाऊन परत येण्यास निसर्गनियमानेच सेकंदाचा आठवा भाग तरी लागतो, आणि महागडी इंटरनेट जोडणी घेऊनही तो वेळ वाचवता येत नाही.

क्लाउडवरून मिळणाऱ्या सेवांचे तीन थर मानले जातात आणि औद्योगिक वसाहतीत वावरणाऱ्याला ते गाळ्याच्या उदाहरणाने सहज कळतात. पहिल्या थरात मोकळा गाळा भाड्याने मिळतो: सेवादाता आभासी यंत्र, म्हणजे एका मोठ्या यंत्रात आज्ञावलीने पाडलेला स्वतंत्र संगणकासारखा कप्पा, देतो आणि त्यावर विंडोज बसवणे, दुरुस्त्या करणे, हिशेबाची प्रणाली चालवणे हे सारे ग्राहकाने करायचे असते. दुसऱ्या थरात यंत्रे बसवलेला गाळा मिळतो, म्हणजे माहिती साठवण्याची आणि शोधण्याची व्यवस्था तयार असते व ग्राहक त्यावर आपले काम उभे करतो. तिसरा थर जॉबवर्कसारखा आहे. तेथे यंत्र, प्रणाली, देखभाल सगळे सेवादात्याचे असते आणि ग्राहक ब्राउझर उघडून तयार सेवा वापरतो. ई-मेल, सामाईक फाइल्स आणि झोहो बुक्ससारख्या हिशेबाच्या सेवा या तिसऱ्या थरात मोडतात. लहान व्यवसायांना सल्ला देताना अनेक पुरवठादार पहिलाच थर पुढे करतात, कारण जुना सर्व्हर जसाच्या तसा उचलून आभासी यंत्रावर ठेवणे त्यांच्या हातचे काम असते. तथापि पंधरा-वीस माणसांच्या कार्यालयासाठी मोकळा गाळा ही बहुतेक वेळा चुकीची सुरुवात आहे, कारण त्यात दुरुस्त्या आणि सुरक्षेची जुनी डोकेदुखी तशीच राहून तिच्यावर मासिक भाडे चढते. जे काम जॉबवर्कला देता येते ते आधी द्यावे आणि जे देता येत नाही त्यासाठीच गाळा घ्यावा, हा क्रम अधिक शहाणपणाचा आहे.

त्या दृष्टीने ई-मेल सर्वांत आधी हलवण्याजोगा असतो. कार्यालयातच मेल सर्व्हर चालवणे हे आज लहान व्यवसायासाठी जवळजवळ अनाठायी धाडस आहे. इंटरनेट किंवा वीज गेली की पत्रे अडकतात, आणि सुरक्षेच्या बदलत्या निकषांत बसणे जमले नाही की पाठवलेली पत्रे ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडू लागतात. हे स्थलांतर करताना डोमेनच्या, म्हणजे इंटरनेटवरील व्यवसायाच्या नावाच्या, नोंदीत ‘या नावाची पत्रे अमुक सर्व्हरवर द्यावीत’ असे सांगणारी ओळ बदलावी लागते. ही नोंद किती वेळ स्मरणात ठेवायची हेही तेथेच सेकंदांत लिहिलेले असते आणि तो अवधी पुष्कळदा ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस, असतो. तो दोन-तीन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणून ठेवला तर बदल काही मिनिटांत सर्वत्र पोहोचतो, नाही तर दिवसभर काही पत्रे नव्या पेटीत व काही जुन्या पेटीत पडत राहतात. येथेच अनेक व्यावसायिकांना पहिला धक्का बसतो, तो म्हणजे डोमेनची नोंदणी व्यवसायाच्या नावावर नसून दहा वर्षांपूर्वी संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या नावावर असल्याचा. स्थलांतराचा विचार सुरू होताच, इतर काहीही करण्यापूर्वी, ही मालकी तपासून आपल्याकडे घेतली पाहिजे.

हिशेबाच्या प्रणालीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि बहुतेक फसलेली स्थलांतरे येथेच फसतात. लॅनवर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या प्रणाली सर्व्हरवरील सामाईक फोल्डरमधून फाइलचे लहान लहान तुकडे सतत वाचत आणि लिहीत असतात. एखादा अहवाल काढताना अशा एक हजार खेपा होतात असे धरले, तर लॅनवर प्रत्येक खेपेस अर्धा मिलिसेकंद लागत असल्याने सारे काम अर्ध्या सेकंदात उरकते. पण फोल्डर क्लाउडवर नेऊन प्रणाली कार्यालयातील संगणकावरच ठेवली, तर प्रत्येक खेपेस ३० मिलिसेकंद लागून तोच अहवाल ३० सेकंद घेतो. त्यातच लिहिता लिहिता इंटरनेट तुटले तर फाइलच खराब होण्याची भीती असते. यावर उपाय म्हणजे प्रणाली आणि तिच्या नोंदी दोन्ही एकत्र क्लाउडवरील यंत्रावर ठेवून त्या यंत्राचा पडदा दुरून वापरणे, ज्याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. त्यात वाचण्या-लिहिण्याच्या हजार खेपा तेथल्या तेथे होतात आणि इंटरनेटवरून केवळ पडद्याचे चित्र व कळफलकाच्या कळा ये-जा करतात. मात्र रिमोट डेस्कटॉपचे दार इंटरनेटवर सरळ उघडे टाकणे हा रॅन्समवेअरला दिलेला सर्वांत सोपा प्रवेश आहे. ते दार व्हीपीएनच्या, म्हणजे कुलूपबंद खासगी बोगद्यासारख्या जोडणीच्या, मागेच असावे आणि पासवर्डच्या जोडीला मोबाइलवर येणारा दुसरा संकेत सक्तीचा असावा, यात तडजोड करू नये. टॅलीच्या परवान्याची अट, ठशावरून हजेरी घेणाऱ्या यंत्राची जोडणी, बिल छापणारा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, धनादेश छापण्याची छोटी उपप्रणाली अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींची यादी आधी करावी लागते, कारण स्थलांतराच्या दुसऱ्या दिवशी काम अडते ते नेमके अशाच गोष्टींवर.

सर्वच काही क्लाउडवर गेले पाहिजे असा आग्रहही चुकीचा आहे. सीसीटीव्हीचे अखंड चित्रण, सीएनसी यंत्राला आज्ञा पुरवणारा संगणक, शेकडो मेगाबाइटची रेखाचित्रे दिवसभर उघडणारा आराखडा विभाग यांची जागा कार्यालयातच आहे; त्यांच्यासाठी एक साधे साठवणयंत्र जागेवर ठेवून त्याची रात्रीची प्रत क्लाउडवर पाठवणे हा मध्यम मार्ग स्वस्तही पडतो आणि वेगवानही.

खर्चाच्या तुलनेत दोन्ही बाजूंनी चुका होतात. सर्व्हर विकत घेणारा केवळ त्याची किंमत मोजतो. पण ३०० वॅट खाणारे यंत्र वर्षभर अखंड चालले तर २,६२८ युनिट वीज लागते आणि दर युनिटला १० रुपये धरले तर ते २६ हजारांच्या पुढे जाते, त्यात खोली थंड ठेवण्याची वीज, यूपीएसच्या बॅटऱ्या, वार्षिक देखभाल करार आणि बंद पडलेल्या दिवसांचे नुकसान मिळवावे लागते. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्व्हरचे उपयुक्त आयुष्य ६ वर्षे धरलेले आहे, तेव्हा किंमत त्या वर्षांवर वाटूनच तुलना करणे न्याय्य ठरते. उलट बाजूने, क्लाउडचे मासिक दरपत्रक पाहून हुरळणारा हे विसरतो की आभासी यंत्राचे भाडे तासावर असते, ते वापरात नसतानाही चालू ठेवले तर महिन्याचे ७२० तास मोजले जातात, तर दिवसाला १० तास आणि महिन्याला २६ दिवस कामकाज असलेल्या कार्यालयाला २६० तासच पुरतात. यंत्र रात्री आपोआप बंद होण्याची व्यवस्था केली तर त्याचे भाडे जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येते, तथापि त्याला जोडलेल्या साठवणजागेचे भाडे यंत्र बंद असतानाही चालूच राहते. क्लाउडवर माहिती नेण्यास बहुधा काही पडत नाही आणि तेथून मोठ्या प्रमाणावर बाहेर काढण्यास मात्र पैसे पडतात. सोडून जाण्याचा खर्च किती, हे येण्यापूर्वीच विचारून ठेवावे. बिलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, आणि खाते उघडताना व्यवसायाचा जीएसटी क्रमांक भरलेला नसेल तर त्याचा परतावा हिशेबात घेता येत नाही. प्रत्येक महिन्याला ठरावीक रकमेच्या पुढे खर्च गेला की मालकाच्या मोबाइलवर इशारा यावा, ही सोय पहिल्याच दिवशी सुरू करावी.

या साऱ्यात सर्वाधिक गैरसमज एका मुद्द्यावर आढळतो, आणि तो म्हणजे क्लाउडवर गेल्यावर बॅकअपची गरज संपते हा. सेवादाते ज्याला सामाईक जबाबदारीचे तत्त्व म्हणतात त्याचा सरळ अर्थ असा की इमारत, वीज, थंडावा, यंत्रे आणि त्यांची दुरुस्ती ही त्यांची जबाबदारी. आत ठेवलेली माहिती, ती कोणी पाहावी, कोणी पुसावी आणि पुसली गेल्यास परत कोठून आणावी ही ग्राहकाची. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या माहितीकेंद्राला आग लागून एक इमारत पूर्ण जळाली, तेव्हा ज्यांची मूळ प्रत आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते अशा ग्राहकांची माहिती कायमची गेली. पोटमाळ्यावरचा सर्व्हर आणि खणातला पेन ड्राइव्ह यांचीच ती मोठ्या आकाराची पुनरावृत्ती होती. २०१४मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाउड खात्याची किल्ली हल्लेखोराच्या हाती पडली, त्याने खंडणी मागितली आणि विरोध होताच मूळ माहिती व बॅकअप दोन्ही पुसून टाकले. कारण दोन्ही एकाच खात्यात होते, आणि कंपनीला आपला व्यवसायच बंद करावा लागला. चुकून पुसलेली फाइल सेवादात्याकडे कायम राहते हाही समज खोटा आहे: गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतील फाइल ३० दिवसांनी आणि मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमधील ९३ दिवसांनी कायमची जाते, तर हिशेब तपासनीस मागतात ती कागदपत्रे अनेकदा त्याहून कितीतरी जुनी असतात. नोंदींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक वेगळ्या जागी, हा जुना नियम क्लाउडच्या काळातही तितकाच लागू आहे. त्यात एवढीच भर घालावी लागते की एक प्रत वेगळ्या खात्यात, वेगळ्या पासवर्डखाली आणि ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही पुसता न येण्याच्या अटीवर ठेवलेली असावी. टेबलावरची हार्ड डिस्क आठवड्यातून एकदा जोडून प्रत घेणे आणि ती मालकाच्या घरी नेणे, हा साधा उपायही येथे उपयोगी पडतो, कारण वायर काढलेल्या डिस्कपर्यंत कोणताही हल्लेखोर पोहोचू शकत नाही.

बॅकअप घेतला जातो, पण त्यातून परत काही काढून पाहिले जात नाही, ही आणखी एक मोठी उणीव. वर्षातून दोनदा तरी एखादे दोन वर्षांपूर्वीचे बिल बॅकअपच्या प्रतीतून, मूळ यंत्राला हात न लावता, परत काढून दाखवण्यास संबंधितांना सांगावे आणि त्यास किती वेळ लागला याची नोंद ठेवावी. सेवादात्यांच्या हमीपत्रातील आकडेही याच संदर्भात वाचले पाहिजेत: ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला पावणेनऊ तासांचा खंड हमीत बसतो, आणि हमी मोडल्यास मिळणारी भरपाई साधारणपणे पुढच्या बिलातील सवलतीपुरती असते, बुडालेल्या धंद्याची नसते.

कायद्याच्या अपेक्षाही गेल्या काही वर्षांत नेमक्या झाल्या आहेत. नोंदणीकृत कंपन्यांना, मग ती चार माणसांची प्रायव्हेट लिमिटेड का असेना, हिशेबाची पुस्तके ८ वर्षे जपावी लागतात; ती संगणकावर ठेवली असतील तर ऑगस्ट २०२२च्या नियमबदलानुसार त्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर दररोज घेतला गेला पाहिजे आणि ती भारतातून सदैव पाहता आली पाहिजेत. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक बदलाचा तारखेसह माग ठेवणारी, बंद न करता येणारी सोय असणे सक्तीचे आहे. वस्तू व सेवा कराच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, आणि हा नियम भागीदारी संस्थेला व एकट्याच्या मालकीच्या दुकानालाही लागू आहे. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत त्याची खबर ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला द्यावी, असा आदेश एप्रिल २०२२मध्ये निघाला. तर ग्राहक आणि कर्मचारी यांच्या वैयक्तिक माहितीच्या जपणुकीची जबाबदारी २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती माहिती गोळा करणाऱ्यावर, म्हणजे व्यावसायिकावर, टाकली आहे, ती साठवणाऱ्या क्लाउडवाल्यावर नाही. सीए आणि व्यावसायिक यांनी स्थलांतरापूर्वी एकत्र बसून ही यादी तपासावी, हे येथे आग्रहाने सांगितले पाहिजे, कारण सेवादात्याचा विक्री-प्रतिनिधी यातले काही स्वतःहून सांगेलच असे नाही.

परावलंबनाचा प्रश्न मोठ्या उद्योगांपुरता आहे असे मानले जात असे, पण जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर नायरा एनर्जी या भारतातील तेलकंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने थांबवल्या आणि त्या कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. सेवा काही दिवसांत सुरू झाल्या, तरी पैसे भरलेले असूनही आपलाच पत्रव्यवहार उघडता न येण्याची शक्यता त्यातून उघड झाली. लहान व्यावसायिकावर आंतरराष्ट्रीय निर्बंध येण्याची शक्यता फारच कमी, पण कार्डाची मुदत संपल्याने बिल थकणे, खाते उघडणारा कर्मचारी नोकरी सोडून जाणे किंवा पुरवठादाराशी वाद होणे या घरगुती कारणांनी त्याचेही दार तसेच बंद होऊ शकते. म्हणून क्लाउडचे मुख्य खाते हार्डवेअरवाल्याच्या किंवा अकाउंटंटच्या ई-मेलवर न उघडता व्यवसायाच्या स्वतःच्या पत्त्यावर उघडावे, त्याची किल्ली मालकाकडे आणि घरातील किंवा भागीदारीतील आणखी एका विश्वासू व्यक्तीकडे असावी, आणि रोजच्या कामासाठी प्रत्येकाला त्याच्या गरजेपुरताच वेगळा प्रवेश द्यावा. गल्ल्याची किल्ली कोणाकडे असावी, याबाबत मराठी व्यापारी पिढ्यानपिढ्या जी काळजी घेत आला तीच येथे घेतली पाहिजे.

प्रत्यक्ष स्थलांतराचा दिवस पंचांगापेक्षा करभरण्याच्या तारखा पाहून ठरवावा लागतो. मार्चअखेर, पगाराचा आठवडा आणि विवरणपत्रांच्या ११ व २० या तारखा टाळून, महिन्याच्या २० तारखेनंतरचा एखादा साप्ताहिक सुट्टीचा दिवस किंवा दिवाळीची सलग सुट्टी यासाठी योग्य ठरते. माहिती वर चढवण्यास लागणारा वेळ आधी मोजावा: ५०० गीगाबाइट माहिती सेकंदाला १० मेगाबिट वेगाने वर पाठवायची तर साडेचार दिवसांहून अधिक काळ लागतो, आणि ब्रॉडबँडच्या जाहिरातीतील वेग बहुधा खाली उतरवण्याचा असतो, वर चढवण्याचा नव्हे, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून जुन्या फाइल्स आधीच्या आठवड्यात रात्री रात्री पाठवून, शेवटच्या दिवशी फक्त बदललेल्या फाइल्स नेणे सोयीचे पडते. त्याआधी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या, शक्यतो एक तारेची व दुसरी मोबाइल जाळ्यावरची, घेऊन ठेवणे आवश्यक आहे, कारण क्लाउडवर गेल्यानंतर रस्ता खोदताना तुटलेली केबल हीच सर्व्हर बंद पडण्याच्या जागी येते. स्थलांतरानंतर ताळेबंद, साठ्याची शिल्लक आणि येणे-देणे यांची बेरीज जुन्या व नव्या जागी जुळवून पाहावी, आणि जुळेपर्यंत जुन्या यंत्रावर कोणालाही नवी नोंद करू देऊ नये. दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी होऊ लागल्या की त्या पुन्हा एकत्र करणे हे महिनाभराचे काम होऊन बसते.

नोंदी जुळल्यावरही जुना सर्व्हर लगेच हलवू नये. लॅनची तार काढून तो एक आर्थिक वर्ष तरी तसाच जपून ठेवावा, म्हणजे वार्षिक लेखापरीक्षणात काही उणे निघाल्यास मूळ नोंद पाहता येते. त्यानंतर तो अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावा. पण त्यापूर्वी हार्ड डिस्क बाहेर काढून तिच्यावरची माहिती पुनर्लेखनाने नष्ट करावी किंवा डिस्कला ड्रिलने भोके पाडून ती निकामी करावी, कारण फाइल डिलीट केल्याने किंवा डिस्क झटपट फॉरमॅट केल्याने मजकूर पुसला जात नाही, आणि भंगारात गेलेल्या डिस्कमधून ग्राहकांची नावे, पगाराचे आकडे आणि बँकेचे तपशील सहज परत काढता येतात.